मुलांचं बोलणं आधी कागदावर येऊ द्या

हा अंक हाती पडेल तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले असतील. मुलुंडच्या पाच रस्त्यापासून नवघर रोडपर्यंतच्या दुकानांत वह्यांचे गठ्ठे लागले असतील. बालवाडीच्या यादीतही वह्या असतात. दोन महिने गेले की पालक विचारू लागतात, ‘ताई, वहीत अजून काहीच कसं नाही?’ या प्रश्नाला तोंड द्यायला नको म्हणून आपण वही भरून टाकतो. पहिली ओळ ताईच्या हातची, खालच्या ठिपक्यांच्या ओळी मुलाने गिरवायच्या. बालवाडी, अंगणवाडी आणि पहिलीच्या शिक्षकांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे की या वर्षी हे बंद करा.

‘क’ गिरवणाऱ्या मुलाजवळ एकदा बसून पाहा. थोडं सरावलेलं मूल आधी ओळीभर उभे दंड ओढून घेतं. मग प्रत्येक दंडाच्या डावीकडे गोल काढतं, मग उजवीकडे शेपट्या, आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब शिरोरेघ. पान सुबक दिसतं. पण त्या पानावर ‘क’ एकदाही लिहिला गेलेला नाही, त्याचे सुटे भाग तेवढे जोडले गेले आहेत. बोट ठेवून ‘हे काय?’ असं विचारलं तर मूल म्हणतं, ‘कमळ’. ‘काका’ या शब्दात तोच आवाज दोनदा आहे हे त्याला ऐकू आलेलं नसतं, कारण तसं ऐकायला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता दुसरा प्रसंग. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलेल्या दिवसानंतर अशाच एका मुलाने बालवाडीत सांगितलं, ‘पप्पांची रिक्षा पाण्यात बंद पडली.’ ताईंनी पाठकोरा कागद घेतला, त्याच्यादेखत ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. मुलाने ते तीन-चार वेळा वाचून घेतलं. मग खाली रिक्षाचं चित्र काढलं, शेजारी दोन-चार वाकड्या रेघा मारल्या आणि म्हणालं, ‘इथे मी लिहिलंय, ती चालू झाली.’ त्या रेघांत एकही अक्षर नव्हतं. तरीही आपलं बोलणं कागदावर ठेवता येतं, दुसऱ्या दिवशी ते तिथेच असतं आणि वाचणारा प्रत्येक जण तेच शब्द वाचतो, हे त्याला कळलं होतं. वाचन-लेखनाची सुरुवात ही आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी गेल्या शतकातच लहान मुलांच्या अशा रेघोट्यांकडे लेखन म्हणून पाहायला शिकवलं. आपल्या वर्गांत आजही त्या रेघोट्या ‘पान खराब केलं’ म्हणून खोडल्या जातात.

मुलुंडमध्ये या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. फाळणीनंतर इथे आलेली सिंधी कुटुंबं, गुजराती आणि कच्छी व्यापारी, तमिळ आणि मल्याळी घरं, उत्तर भारतातून आलेले कामगार आणि कोकण-घाटावरची मराठी माणसं एकाच स्टेशनाच्या दोन बाजूंना राहतात. वस्तीतल्या बालवाडीत एकाच सतरंजीवर चार भाषा बसलेल्या असतात. एखादं मूल म्हणेल, ‘पप्पाची रिक्षा बंद हो गई.’ तेव्हा काय करायचं, असं ताई नेहमी विचारतात. आमचं उत्तर ठाम आहे: जसं म्हटलं तसंच लिहा. देवनागरी तेही वाक्य निमूट पेलते. वाक्य वाचून झाल्यावर ‘आपण हेच मराठीत कसं म्हणू?’ असं विचारा आणि दुसरं वाक्य खाली लिहा. बोलताच त्याला दुरुस्त केलं तर ते उद्या बोलणार नाही, आणि जे मूल बोलत नाही त्याला वाचायला शिकवणं फार कठीण असतं. पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर २०२५ साली महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं आणि जून सरताना सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात पहिली भाषा आपण वाचायला कशी शिकवतो हे फारसं कोणी विचारलं नाही. ते विचारण्याचं काम आपलं आहे.

अक्षरं शिकवायची नाहीत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ती नीट, नेमाने आणि विचार करून शिकवायला हवीत, कारण आपली लिपी मुलाकडून बरंच मागते. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. सगळी अक्षररूपं हाताखाली यायला तिसरी-चौथी उजाडते, असं त्यात दिसलं. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. म्हणजे वर्षभरात मुळाक्षरं ‘संपवण्याची’ घाई लिपीच्या स्वभावाविरुद्ध आहे. अडचणी कुठे येतात तेही पाहा. ‘ब-द-क’ असं सुटं म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘बदअक’सारखं काहीतरी येतं आणि त्यातून बदक पक्षी काही उडत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहायला एक, कानाला दोन. ही कोडी मोठ्याने बोलून, हसत-खेळत सोडवावी लागतात. ठिपके जोडून ती सुटत नाहीत.

म्हणून अ ते ज्ञ या क्रमाने जाण्यापेक्षा कामाच्या अक्षरांचे गट घेणं बरं. म, क, न, ब आणि काना एवढ्यावर काका, मामा, बाबा, नाक, कान, मका, काम असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. ञ आणि ङ थांबू शकतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी याच वाटेने पुष्कळ काम केलं, आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट संस्था अंगणवाड्यांत नि आश्रमशाळांत ते करत आली आहे. त्याच भागातल्या मराठी आणि यादगीरच्या कन्नड शाळांतल्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा अहवाल २०१७ साली आला. वर्गाचा फार मोठा वेळ एकसुरात म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो आणि वाचलेल्याच्या अर्थावर बोलणं जवळजवळ होत नाही, हे त्यातलं चित्र आपल्यापैकी कोणालाही ओळखीचं वाटेल.

मुलुंडच्या मुलाकडे तर एक तयार पाठ्यपुस्तक आहे: मध्य रेल्वे. मुलुंड या नावात दोन पहिले उकार आणि एक अनुस्वार आहे. नाहूरमध्ये काना आणि दुसरा उकार. भांडुप घ्या, कांजूरमार्गचा रफार घ्या. विक्रोळीत तर दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा आणि जोडाक्षर एकदम भेटतात. ही नावं मुलांना आधीच तोंडपाठ असतात, गाडीत घोषणा ऐकून. फलाटावरच्या पाटीसारख्या पट्ट्या करून भिंतीवर लावा आणि ‘आजीकडे जाताना कुठे उतरायचं?’ असं विचारा. दुकानांच्या पाट्याही आहेत. मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली, तेव्हापासून मराठी अक्षरं मोठी झाली आहेत. मेडिकल, ज्वेलर्स, स्वीट्स हे शब्द मराठी नाहीत म्हणून नाक मुरडू नका. मुलाला ‘ऑ’ तिथे भेटतो, एखाद्या ‘ऑटो’च्या पाटीवर. ॲ आणि ऑ यांना राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेत रीतसर जागा दिली, ती योग्यच होती.

काही जण म्हणतात, गिरवणं तर मॉन्टेसरीबाईंचंच आहे. तसं नाही. सँडपेपरच्या अक्षरांवरून मूल बोट फिरवतं ते त्या अक्षराचा आवाज उच्चारत, पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितकंच. वही भरण्याशी त्याचा काही संबंध नाही. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये सगळं सोडून त्या बोर्डीला गेल्या, कारण ही बालशिक्षणाची रीत फक्त शहरी, सुस्थितीतल्या मुलांपुरती राहावी हे त्यांना मान्य नव्हतं. बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, पानं, माती यांवर शिक्षण उभं केलं. आज त्यांचा अंगणवाडी हा शब्द देशभर आहे. त्या अंगणात काय चालायचं हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

वरून येणारा दबाव आम्हाला ठाऊक आहे. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य आलं आणि अनेक वर्गांत स्टॉपवॉच आलं. मराठीत ‘आजोबांबरोबर’ हा एकच शब्द असतो. इंग्रजीत त्याला तीन-चार लागतील. एनसीईआरटीने २०२२ च्या पाहणीत वीस भाषांचे मापदंड वेगवेगळे काढले ते याचसाठी. अधिकारी मोजायला आले तर मोजू द्या. पण वाचून झाल्यावर ‘मग पुढे काय झालं असेल?’ हा एक प्रश्न तुम्ही नेमाने विचारत जा.

आणि रोज वाचून दाखवा. पंधरा मिनिटं, वेळापत्रकात लिहून, बाकी काही राहिलं तरी चालेल. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ची पुस्तकं मुलं पुन्हा पुन्हा मागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, ती फोनवर दाखवण्यापेक्षा छापून, शिवून ठेवा. मुलांनी हाताळून पुस्तकं फाटली तर चिकटवा. कपाटात कुलूपबंद ठेवू नका.

पालकांचा प्रश्न उरतोच. त्यांना वही हवी असते कारण दिवसभराच्या धावपळीत मूल शिकतंय याचा तेवढाच पुरावा त्यांच्या हाती पडतो. त्यांची ती काळजी रास्त आहे. म्हणून वहीऐवजी मुलाच्या बोलण्याचे कागद घरी पाठवा. रिक्षाचं वाक्य वडिलांनी वाचलं की पुन्हा ‘काहीच कसं नाही’ असं ते विचारणार नाहीत. ज्या घरात कोणाला वाचता येत नाही तिथे मूलच ते वाचून दाखवेल.

ऑगस्टच्या अंकात आम्हाला मुलांचं खरं लेखन छापायचं आहे. ‘पाउस पडला गटर भरल’ असं लिहिलेला कागद आला तर फार आनंद होईल: ‘पाऊस’मधला ऊ ऱ्हस्व झाला, शेवटचा अनुस्वार राहिला, पण बाकी सगळं मुलाने कानाने ऐकून लिहिलं आहे. कागद तसाच पाठवा, लाल शाई लावू नका. मुलाचं नाव नको, वय आणि तारीख लिहा, आणि लिहिण्याआधी ते काय बोललं होतं तेही एका ओळीत टिपून पाठवा.