नाव नाशिकचे, लाभ कोणाचा?

द्राक्षवेल मुळात थंडीत पाने गाळून विसावणारी. नाशिकच्या उष्ण हवेत तिला तो विसावा मिळत नाही. म्हणून येथील बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो. युरोपात शरदात होणारी तोडणी येथे जानेवारी ते मार्चमध्ये येते. सुमारे ६०० मीटर उंचीचे पठार, हिवाळ्यातील गार रात्री आणि पिढ्यांनी कमावलेले हे कसब यांतूनच नाशिकच्या वाइनचे वेगळेपण घडले आहे.

भौगोलिक उपदर्शनाचा कायदा १९९९ साली संमत झाला व २००३ पासून अमलात आला. त्याखाली २०१०-११ मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंद झाली. हे नाव कोणा एका कंपनीचे नसून त्या भूमीचे आहे, हा या नोंदीचा अर्थ. ही गोष्ट अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

परंतु दैवाचा खेळ असा की, त्याच सुमारास मालाला उठाव नसल्याने जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांवर वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकण्याची पाळी आली. कायदा नावाचे रक्षण करतो, भावाचे नव्हे. शिवाय नोंद वाइनची असल्याने नाव वापरण्याचा अधिकार ती तयार करणाऱ्याकडे जातो. वेल वाढविणारा बाहेरच राहतो.

फ्रान्सच्या उष्ण दक्षिण भागात शातोनफ-द्यू-पाप येथील उत्पादकांनी १९२३ साली आपणहून नियम बांधून घेतले: जमीन कोणती, वाण कोणते, मद्यांश किमान किती. देशव्यापी कायदा त्यानंतर, १९३५ मध्ये आला. तेथे शिस्त आधी आली, शिक्का मागून. आपल्याकडे शिक्का हाती आला आहे. शिस्त अजून आणावयाची आहे.

यासाठी दोन गोष्टी अगत्याच्या आहेत. बाटलीवर नाशिकचे नाव असेल, तर आतील द्राक्ष नाशिकचेच आहे याची त्रयस्थाकडून कसून तपासणी व्हावी. आणि हे नाव मिरविणाऱ्या प्रत्येक कारखान्याने बागायतदाराशी भाव व मुदत ठरविणारा लेखी करार करावा. द्राक्षबाग एका हंगामात उभी राहत नाही. एका मंदीत मात्र ती उपटली जाते. उपटलेल्या बागेवर कितीही मानाचे नाव कोरले, तरी ते नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, असेच ठरेल.