‘पाहिले’ म्हणजे तपासले नव्हे

गेल्या पंधरवड्यात आमच्या परिचयाचे एक कापडाचे व्यापारी आपल्या सातवीतील मुलाची बीजगणिताची वही घेऊन आमच्या कचेरीत आले. एका दिवसाच्या गृहपाठाची चाळीस उदाहरणे तीत मोत्यासारख्या अक्षरांत सोडविलेली होती, आणि शेवटी तांबड्या शाईने ‘पाहिले’ असा शेरा, सही व तारीख होती. आम्ही ती उदाहरणे वाचून पाहिली, तो जेथे जेथे कंस आला तेथे तेथे मुलाने कंसाबाहेरच्या अंकाने आतील पहिल्याच पदास गुणिले होते व दुसरे पद तसेच सोडून दिले होते. म्हणजे एकच चूक त्या मुलाने एका रात्रीत वीस-पंचवीस वेळा गिरविली, आणि शाळेने तिजवर आपली मोहोर उठविली. ‘मुलगा रात्री अकरापर्यंत बसतो, तरी गुण का मिळत नाहीत?’ असा त्या गृहस्थांचा प्रश्न होता. त्यांस आम्ही एवढेच विचारले की, तुमच्या पेढीवरील मुनीम रोज चाळीस रकमा भलत्याच खात्यावर चढवीत असेल आणि तुम्ही पानाखाली ‘पाहिले’ असे लिहून झोपी जात असाल, तर दिवाळीस ताळेबंद जुळावा कसा?

गृहपाठाविषयी सध्या दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, मुलांच्या मानगुटीवरचे हे ओझे अजिबात काढून टाका. दुसरा म्हणतो, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’, सबब उदाहरणांची संख्या दुप्पट करा. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ मुद्दा सोडून भांडत आहेत. गृहपाठ किती असावा हा प्रश्न दुय्यम आहे. केलेल्या गृहपाठाची तपासणी होते की नाही, हा खरा प्रश्न होय. बीजगणिताच्या आरंभी अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा हाताखालून घालणे, अपरिहार्य आहे. परंतु जो अभ्यास तपासला जात नाही तो शहाणपण वाढवीत नाही, चूक मात्र घट्ट करतो.

पाढे आणि बीजगणित यांत मोठा भेद आहे. आमच्या जुन्या शाळांतून पंतोजी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुलांकडून रोज म्हणवून घेत, आणि त्या घोकणीचा बाजारात उपयोगही होई. पाढा सर्वांनी एकत्र म्हटला म्हणजे चुकणाऱ्याची जीभ शेजाऱ्याच्या आवाजाने आपोआप सुधारते. बीजगणितात तसे होत नाही. तेथे मुलगा एकटा वहीपुढे बसतो, त्याच्या डोक्यात जो नियम बसला असेल तो चालवितो, आणि तो नियम खोटा असला तरी कागद काही बोलत नाही. वजा चिन्हापुढचा कंस सोडविताना आतील चिन्हे बदलावयाची विसरणे, दोन राशींच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोहोंच्या वर्गांची बेरीज असे समजणे, 2क्ष आणि 3य मिळून 5क्षय करणे, ह्या चुका आळसाच्या नव्हेत. त्या चुकीच्या समजुतीच्या आहेत. आळसावर अधिक गृहपाठ हे औषध असेल. चुकीच्या समजुतीस तोच खुराक होतो.

ह्या विद्येची विशेष गोष्ट अशी की, तिच्यात चूक पकडण्याचे साधन तिच्या पोटातच आहे. त्यास पडताळा म्हणतात. एक उदाहरण घेऊ. एका वहीची किंमत एका पेन्सिलीहून 20 रुपयांनी अधिक आहे. 3 वह्या व 2 पेन्सिली यांचे 110 रुपये झाले. तर पेन्सिलीची किंमत किती? पेन्सिलीची किंमत क्ष मानिली तर 3(क्ष + 20) + 2क्ष = 110. वर सांगितलेल्या मुलाच्या रीतीने गेल्यास 3क्ष + 20 + 2क्ष = 110, म्हणून क्ष = 18. वहीत हे उत्तर नीटनेटके दिसते. परंतु हेच उत्तर दुकानात घेऊन जा: पेन्सील 18 ची, वही 38 ची, तीन वह्यांचे 114, दोन पेन्सिलींचे 36, एकूण 150. गिऱ्हाईकाने तर 110 च दिलेले आहेत! चूक उघडी पडली. कंस नीट सोडविला की 5क्ष + 60 = 110, क्ष = 10; वही 30 ची; 90 आणि 20 मिळून 110. हिशेब चोख झाला. ह्या दोन ओळी लिहावयास एक मिनिटही लागत नाही. आणि आमच्या पाहण्यातील बहुतेक वह्यांत नेमक्या ह्याच दोन ओळी नसतात.

आम्ही धंद्याने वकील असल्यामुळे आम्हांस ह्यात न्यायाचाही एक धडा दिसतो. उत्तर हा निकाल होय, पायऱ्या ही निकालाची कारणे होत, आणि पडताळा हे अपील होय. कारणे न देता लिहिलेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही. मग कारणांवाचून उतरविलेली चाळीस उत्तरे शाळेत का टिकावीत? त्यातून आता भ्रमणध्वनीच्या डोळ्यापुढे उदाहरण धरले की तो पायऱ्यांसह उत्तर काढून देतो. अशा दिवसांत भरलेली वही ही मुलाने अभ्यास केल्याचा पुरावासुद्धा राहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभे राहून ‘ही पायरी का?’ ह्या प्रश्नास त्याने दिलेले उत्तर, हाच काय तो पुरावा.

शिक्षकवर्गाकडून ह्यावर आक्षेप येईल की, पस्तीस मुलांच्या वर्गात चाळीस उदाहरणे दिली म्हणजे चौदाशे उत्तरे झाली. ती तपासणार कोण? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, चाळीस उदाहरणे देऊच नयेत. 1885 साली एबिंगहाउस ह्या जर्मन पंडिताने स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते, आणि एका बैठकीत केलेल्या आवृत्तींपेक्षा अंतराअंतराने केलेल्या आवृत्ती अधिक टिकतात. 1985 साली ऑस्ट्रेलियातील स्वेलर व कूपर यांनी खुद्द बीजगणिताच्याच विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. त्यांत एक सोडविलेले उदाहरण समजून घेऊन मग तसेच एक स्वतः सोडविणाऱ्या मुलांनी, सर्वच उदाहरणे स्वतः सोडविणाऱ्यांपेक्षा, पुढील तत्सम उदाहरणांत कमी वेळ घेतला व कमी चुका केल्या. 2020 सालच्या केंद्र सरकारच्या दप्तरविषयक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांस गृहपाठ दिवसास फार तर एक तास असावा असे सांगितले आहे.

सबब आमची सूचना अशी. रोज पाचच उदाहरणे द्यावीत: दोन आजच्या पाठाची, एक गेल्या आठवड्याचे, एक गेल्या महिन्याचे, आणि पाचवे मुद्दाम चुकवून सोडविलेले, ज्यातील चूक मुलाने शोधून काढावी. समीकरणाच्या प्रत्येक उदाहरणाखाली पडताळा लिहिलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटे गृहपाठास द्यावीत आणि जी चूक अनेकांची झाली ती, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर मांडून तिचा निकाल लावावा. रोज पाच वह्या शिक्षकांनी ओळीने वाचाव्यात. सात दिवसांत पस्तीस वह्या पुऱ्या होतात. चुकलेल्या उदाहरणास शिक्षा नसावी. कारण शिक्षेच्या भयाने मूल चूक लपविते, आणि लपविलेली चूक लपविलेल्या कर्जाप्रमाणे व्याजासह परत येते.

हे काम शाळेचेच आहे, हे आम्ही कायद्याच्या आधारे सांगतो. 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आहे. त्याच्या 24 व्या कलमान्वये प्रत्येक मुलाची शिकण्याची शक्ती अजमावून जरूर ते जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. 28 व्या कलमान्वये शिक्षकास खाजगी शिकवणी करण्याची मनाई आहे. पण त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांस शिक्षणेतर कामास जुंपण्यासही बंदी केली आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढेच अपवाद. शिक्षकाने वही तपासावी असे ज्यांस वाटते, त्यांनी त्याचा वेळ इतर कागद भरण्यात जात असेल तर त्याबद्दलही तितक्याच मोठ्याने बोलले पाहिजे. एकास कर्तव्य सांगावयाचे आणि ते करण्यास अवकाश ठेवावयाचा नाही, हा न्याय नव्हे.

तपासणी शाळेत झाली नाही म्हणजे ती विकत घ्यावी लागते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा मुलगा शिकवणीच्या वर्गास जाऊन आपली चूक दुरुस्त करून घेतो. हमालाची मुलगी तीच चूक उराशी धरून सातवीतून आठवीत, आठवीतून नववीत जाते. दहावीच्या परीक्षेत बीजगणिताच्या पत्रिकेपुढे बसते, आणि ‘मला गणित येत नाही’ असा शिक्का स्वतःच्याच हाताने स्वतःवर मारून घेते. तिच्या बुद्धीत उणीव नसते. तिचा कंस कोणी तपासलेला नसतो, एवढेच. समान वर्ग, समान पुस्तक आणि असमान तपासणी, ह्यास आम्ही समान शिक्षण म्हणण्यास तयार नाही.

आणि ही विद्या आम्हांस परकी आहे असेही नाही. 628 साली ब्रह्मगुप्ताने धन व ऋण ह्या सावकारीच्याच शब्दांत अधिक-उण्या राशींचे नियम घालून दिले. 1150 साली भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिले, त्यात अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे आहेत. आणि त्यांच्या लीलावतीत सूत्र सांगितले की मागोमाग उदाहरण येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठास दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या लेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारातील मालावर राजास मिळणारे उत्पन्न मठास लावून दिल्याचे लिहिले आहे. आठशे वर्षांपूर्वी बाजाराच्या पैशावर गणिताची पाठशाळा चालत होती! आजच्या पेठेने संध्याकाळी एक तास शाळेची एक खोली उघडी ठेविली, दिव्याचा खर्च सोसला आणि एखाद्या पदवीधर तरुणास मुलांच्या वह्या पाहण्यासाठी बसविले, तर ते त्या परंपरेस साजेसेच होईल.

तोपर्यंत आमच्या वाचकांनी आपापल्या घरी एवढे तरी करावे. मुलाने किती पाने भरली हे मोजू नये. बीजगणित आपणांस येत नाही म्हणून संकोचूही नये. वहीतील एका उदाहरणावर बोट ठेवून विचारावे, ‘तुझे उत्तर घेऊन दुकानात गेलो, तर बिल एकशे दहाच होते का?’ हा प्रश्न शाळेचे तोंड न पाहिलेली आईही विचारू शकते. मुलाने बेरीज करून ‘हो’ म्हटले तर वही मिटावी. ‘नाही’ म्हटले तर रागावू नये. त्याची चूक त्याची त्यानेच पकडली, आणि त्या दिवसाचा अभ्यास तेथे झाला.