अंगणाला फरशी घालण्यापूर्वी

आपल्या व्यवसायातील मंडळी घर बांधू लागली की खोल्यांविषयी महिनोन् महिने चर्चा करतात. परसाचा निर्णय मात्र एका वाक्यात होतो. ‘पेव्हर ब्लॉक घालून टाका, कटकट नको!’ बेळगावात टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत, आणि निपाणीच्या नव्या वसाहतींतही, हेच चित्र दिसते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : घरात लहान मुले आहेत, साप-विंचवाची भीती वाटते. मुलांच्या नावे हा निर्णय होत असल्यामुळे बालरोगतज्ज्ञ म्हणून त्यावर बोलणे मला भाग आहे. माती झाकल्याने मूल सुरक्षित होते, हे मला मुळीच मान्य नाही.

भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कर्नाटक शासनाने २०२४ साली सर्पदंशाची नोंद देणे बंधनकारक केले, ते उगीच नव्हे. परंतु साप जास्वंदीसाठी येत नाही. तो उंदरामागे, बेडकामागे येतो. उंदीर येतो तो सांडलेल्या धान्यासाठी आणि खरकट्यासाठी. विंचवाला हवी असते ती विटांची रास आणि जळणाचा ढीग. चकचकीत फरशीच्या कडेला बांधकामातून उरलेल्या विटा वर्षानुवर्षे रचून ठेवलेल्या असतात, त्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तेथे फरशीचा उपयोग शून्य. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांचा मात्र पुष्कळ. तिच्या दंशाची खूण दिसेलच असे नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते म्हणून आणलेल्या मुलाच्या पापण्या जड होऊ लागल्या, की मग उलगडा होतो. मूल लहान म्हणून प्रतिविषाची मात्रा कमी करावयाची नसते, हे आपण जाणतोच. पालकांनी जाणावे ते एवढेच, की मांत्रिकाकडे एक मिनिटही दवडू नये. आणि धामण दिसली तर तिला मारू नये. उंदरांचा बंदोबस्त तिच्याइतका कोण करणार?

बागेत मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. पिवळ्या कण्हेरीचे बी हृदयाची गती बिघडवते. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या वाटून खातात आणि मग चार-पाच जणांना एकदमच उलट्या सुरू होतात. निपाणीकडे आणखी एक प्रकार आहे. तंबाखू घरचीच; तेव्हा मावा पडला की तंबाखूचे पाणी उकळून झाडांवर मारतात. ‘नैसर्गिक आहे, डॉक्टर’ असे वर सांगतात. निकोटीनही नैसर्गिकच! ते कातडीतूनही शरीरात शिरते. तो काढा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, आणि फवारलेल्या झाडाखाली त्या दिवशी मूल खेळू देऊ नये.

एवढे सांभाळले तर परसात काय काय येते, ते पाहण्यासारखे असते. लिंबाच्या पानावरची सुरवंटाची पिल्ले हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसतात. पुढे तीच हिरवीगार होतात. पाने कुरतडली म्हणून औषध मारू नये, झाड मरत नाही. कढीपत्त्यावरही फुलपाखरे वाढतात. ब्लू मॉर्मन हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू. ते बेळगावच्या लिंबूवर्गीय झाडांवर खुशाल अंडी घालते. सीमाप्रश्न त्याच्या गावीही नाही. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले घरटे अगदी व्हरांड्यातल्या तारेलाही लोंबते ठेवतो. बुलबुल पिलांना अळ्या भरवतो. म्हणजे कीटकनाशकाचे निम्मे काम फुकटात झाले.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. बेळगावचा पावसाळा दमदार, पण चिकोडी-अथणीकडे जावे तसा पाऊस विरळ होतो आणि एप्रिलात सगळीकडेच जमीन भेगाळते. हिरवळीचा हट्ट सोडावा. शेवगा, अडुळसा, कोरांटी, शंकासूर ही आपल्या हवेत निभणारी झाडे. मोरीचे पाणी केळीला, अळवाला द्यावे. आळ्यात उसाचे पाचट पातळ पसरले की ओल टिकते. मात्र ते भिंतीला लागून ढीग करून ठेवू नये, तेथे विंचू बसतो. पाखरांसाठी पाण्याचे परळ जरूर ठेवावे. दर दोन दिवसांनी ओतून, कडा घासून पुन्हा भरावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेलाच चिकटलेली असतात.

आपल्यापैकी ज्यांच्या दवाखान्यांचे बांधकाम चालू आहे, त्यांना एक विनंती. वाहनतळाच्या कडेला चार फुटांचा मातीचा पट्टा सोडा आणि तेथे एक लिंबू लावा. लस टोचून घ्यायला आलेले मूल पाळी येईपर्यंत त्यावरचे सुरवंट मोजत बसेल.