महंमद अली : स्वतःच्या नावासाठी लढलेला योद्धा

४ जून २०१६ च्या सकाळी महंमद अली गेल्याची बातमी आपल्याकडे आली. अमेरिकेत तेव्हा ३ जूनची रात्र होती. वय ७४. तीस वर्षांहून अधिक काळ कंपवाताने त्याचे शरीर पोखरले होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. दरवर्षी ३ जून आला की ती सकाळ पुन्हा आठवते.

लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या खाली वर्तमानपत्रातून कापून खळीने चिकटवलेला अलीचा फोटो होता. तो आमच्या मामांनी लावला होता. मामा गिरणी कामगार. १९७४ च्या ऑक्टोबरअखेर आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात ३२ वर्षांच्या अलीने २५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत लोळवले, तेव्हा मामांनी ती बातमी सगळ्या चाळीला मोठ्याने वाचून दाखवली होती. "आपला माणूस जिंकला!" आम्ही विचारले, फोरमनही काळाच आहे, मग अलीच आपला कसा? मामा म्हणाले, "त्यानं जुनं नाव टाकलं, आपण जुना धर्म टाकला. मग तो आपलाच की!"

मामांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण अलीच्या आयुष्याचे मर्म त्यांना नेमके कळले होते.

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी १९४२ साली तो जन्मला. वडील पाट्या रंगवायचे, आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची. बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेली म्हणून रागावून पोलिसाकडे गेलेला हा मुलगा त्याच पोलिसाकडे मुष्टियुद्ध शिकला आणि १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला. पण ज्या गावात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसता येत नव्हते, तिथे पदकाने काय बदलणार? महाडचे तळे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

१९६४ साली सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि लगेच त्याने कॅशियस क्ले हे नाव सोडले. ते गुलामाचे नाव आहे, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेतली मोठमोठी वर्तमानपत्रे मात्र पुढे कित्येक वर्षे त्याला क्लेच म्हणत राहिली. १९६७ च्या फेब्रुवारीत अर्नी टेरेलनेही तेच केले. त्या लढतीत अली त्याला ठोसे मारत होता आणि विचारत होता, माझे नाव काय? ती लढत पंधरा फेऱ्या चालली.

नावात काय आहे, असे ज्यांना सहज विचारता येते, त्यांचे नाव कधी कोणी हिसकावलेले नसते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला. ते नाव पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंसारख्यांचे प्राण गेले. नावाची किंमत आम्ही मोजली आहे. म्हणूनच अलीचा तो प्रश्न आम्हाला आमचा वाटतो.

त्याची सर्वांत मोठी लढत मात्र रिंगणाबाहेर झाली. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीसाठी त्याचे नाव पुकारले गेले. व्हिएतनामच्या युद्धाला जायला त्याने नकार दिला, तो जागचा हलला नाही. किताब गेला, परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे लढतीविना गेली. शेवटी २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. मुष्टियोद्ध्याची ती उमेदीची वर्षे कोणते न्यायालय परत देणार होते?

आता व्यवस्थेची चलाखी पाहा. तो बोलत होता तोवर उद्धट, देशद्रोही. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्याने थरथरत्या हातांनी पेटवली, तेव्हा साऱ्या अमेरिकेचे डोळे भरून आले. २००५ साली त्याला सर्वोच्च नागरी सन्मान देणारे राष्ट्राध्यक्ष बुश त्याच वेळी इराकमध्ये युद्ध चालवत होते! आजाराने वाणी क्षीण झालेला अली सर्वांना हवासा झाला. हे आम्हाला नवे नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे त्यांचे ग्रंथ उघडायला कचरतात, तसलाच हा प्रकार.

अली निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. जो फ्रेझर हा त्याच्यासारखाच गरीब काळ्या घरातला. बंदीच्या काळात अलीच्या पाठीशी उभा राहिलेला. त्यालाच अलीने गोऱ्यांचा हस्तक म्हटले, त्याच्या रूपाची टवाळी केली. आपल्याच भावाला लागलेली ही जखम फ्रेझरने आयुष्यभर वागवली. अलीने २००१ साली जाहीर दिलगिरी व्यक्त केली, पण फार उशिरा. गटागटांत विभागलेल्या आमच्या चळवळीने हा धडाही अलीकडूनच घ्यावा. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगून ठेवला आहे. आवडत्या माणसाची चूक बोलून दाखवल्याने त्याच्यावरचे प्रेम कमी होत नाही.

मामा आज नाहीत, ती चाळही नाही. भिंतीवरचा तो फोटो कधीच पिवळा पडून गळून गेला. पण वस्तीतल्या मुलांना अलीची गोष्ट सांगाल, तेव्हा केवळ त्याच्या ठोशांची आणि थरथरत्या हातातल्या ज्योतीची सांगू नका. भरती केंद्रात न हललेल्या त्याच्या पायांची सांगा. माझे नाव काय, हे मोठ्याने विचारणाऱ्या त्याच्या आवाजाची सांगा.

या बुलंद आवाजाच्या योद्ध्याला विनम्र अभिवादन!