पिल्लू उतावळे की धनी?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्यातील अन्याय आपल्या ध्यानीही येत नाही. शेपूट वाकडे असणे हा काही कुत्र्याचा अपराध नव्हे. ते सरळ करण्यासाठी नळी शोधत हिंडणाऱ्याचा मात्र तो निश्चित अविचार आहे. चपळ, उसळत्या रक्ताचे पिल्लू घरी आणणाऱ्या आणि पुढे त्याच्याच नावाने बोटे मोडणाऱ्या धन्यांची स्थिती नेमकी अशी आहे. पिल्लाची चपळता पाहून ते भाळतात, आणि तीच चपळता आठ दिवसांत त्यांना दुर्गुण वाटू लागते. मग कोणी तिला थकवू पाहतो, कोणी तिला काठीने दडपू पाहतो, तर कोणी तिचे घाईघाईने प्रदर्शन मांडतो. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि तिन्हींची हानी त्या मुक्या जिवाला सोसावी लागते, हे आम्हांला येथे स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

ज्या खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न तीव्रपणे पुढे येतो, त्याला ‘ॲजिलिटी’ म्हणतात. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे विख्यात श्वानप्रदर्शन भरले असता, मधल्या रिकाम्या वेळी प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून समितीचे एक सदस्य जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या श्वानशिक्षकाच्या साहाय्याने हा खेळ प्रथम मांडला. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून त्याची कल्पना सुचली होती. प्रेक्षकांना तो इतका भावला, की १९८० साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्यास अधिकृत मान्यता दिली. आज युरोप-अमेरिकेत त्याच्या स्पर्धा गावोगावी भरतात. हा खेळ आपल्याकडचा नव्हे, हे खरे. परंतु आपल्या शहरांतील सदनिकांतूनही आता लॅब्रॅडॉरसारखी दांडगी पिल्ले वाढू लागली आहेत, आणि त्यांच्या धन्यांपुढचा पेच तोच आहे. म्हणून या खेळाच्या पायाभरणीत जो विचार आहे, तो आपणही समजून घ्यावा.

मैदानावर काय दिसते? मोठ्या जातीच्या कुत्र्यासमोर सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे आडवे दांडे, बोगदा, ओळीने रोवलेल्या १२ खांबांमधून नागमोडी धाव, दीड मीटरहून उंच अशी दोन्ही बाजूंनी उतरती चढण, उंचावरची अरुंद फळी आणि मुलांच्या बागेत असते तशी वरखाली झुलणारी फळी. दांडा पाडला तर ५ दोषगुण. चढणीच्या पायथ्याचा रंगवलेला भाग पायाने न शिवता कुत्र्याने वरूनच उडी टाकली तरी ५ दोषगुण. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुत्रा मोकळा धावतो. त्याला दोरी नसते, आणि धावत असता धन्याने त्याला हात लावावयाचा नसतो. केवळ शब्द, हातवारे आणि धन्याच्या देहाची दिशा एवढ्यावर सारा व्यवहार चालतो.

दोरीची ही गैरहजेरी आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. साऱ्या वादाचे मर्म तिच्यात आहे. दोरी सुटल्यावर जे शिल्लक उरते तेच खरे शिक्षण. बाकी सारी ओढाताण होय.

आता पहिल्या पंथाचा समाचार घेऊ. हे लोक म्हणतात, पिल्लात फार मस्ती आहे, तिला पळवून पळवून थकवा. म्हणून तासभर चेंडू फेकायचा, सायकलीमागे धाववायचे, आणि रात्री ते निपचित पडले की कृतार्थ व्हायचे. परंतु रोज पळवल्याने पिल्लाची मस्ती कमी होत नसते. त्याचा दम मात्र वाढतो. गेल्या महिन्यात ज्याला अर्धा तास पुरत होता त्याला या महिन्यात तास लागतो, आणि धन्याची दमछाक आधी होते. त्यातून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशात मेंढ्या राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या बॉर्डर कॉलीसारख्या जातीला थकवू पाहणे म्हणजे विहीर उपसून कोरडी करू पाहणेच होय. पिल्लाला मोकळे हिंडणे, हुंगणे, बागडणे हवेच. ते कोणी नाकारत नाही. परंतु त्याला त्याहून अधिक गरज असते ती डोके चालवण्याची आणि नंतर गाढ झोपेची. लहान पिल्लू दिवसाचा बहुतेक भाग झोपते. ज्याला ती झोप मिळत नाही ते हट्टी बाळासारखे चावरे व चिडखोर होते, आणि धनी समजतो, याला अजून पळवले पाहिजे!

दुसरा पंथ काठीवाल्यांचा. त्याची परंपरा जुनी आहे. कोनराट मोस्ट या जर्मन शिक्षकाने १९१० साली आपला श्वानशिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सक्तीला मोठे स्थान होते, आणि त्या पद्धतीने पुढील कित्येक दशके जगभर राज्य केले. तिच्या समर्थकांना आमचा एकच प्रश्न आहे. वीस पावले पुढे, मोकळ्या धावणाऱ्या कुत्र्याला तुम्ही कोणत्या काठीने वळवणार? भीतीने शिकलेले कुत्रे संकोचून धावते, वळणावर धन्याच्या मुद्रेकडे पाहत थबकते, किंवा संधी मिळताच मैदानाबाहेर निघून जाते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिष्य केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने बक्षिसाच्या बळावर प्राणी शिकवण्याचे शास्त्र व्यवहारात आणले. डॉल्फिनांना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकातून तो विचार सामान्य वाचकांपर्यंत नेला. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, म्हणून तेथे माणसाला अक्कल वापरावीच लागली. कुत्र्याच्या गळ्यात साखळी घालता येते, हे त्याचे दुर्दैव ठरले.

यावर आक्षेप येतो, की खाऊ देऊन शिकवणे ही लाच झाली. लाच आणि वेतन यांतील भेद ज्यांना कळत नाही त्यांनी तो आधी समजून घ्यावा. काम होण्याआधी नाकापुढे नाचवतात ती लाच. काम झाल्यावर हाती पडते ते वेतन. खाऊ प्रथम दाखवून पिल्लाला बोलावणारा धनी लाच देतो, आणि हात रिकामा असेल त्या दिवशी फसतो. पिल्लू आल्यावर खिशातून काढून देणारा धनी वेतन देतो. वेतन मागणे हा अपराध असेल, तर आपल्यापैकी किती जण निरपराध ठरतील?

तिसरा पंथ मात्र सर्वांत घातक आहे, कारण तो प्रेमाच्या वेषात येतो. गुडघ्याला बाशिंग बांधलेले हे धनी चार महिन्यांच्या पिल्लाला दांड्यावरून उड्या मारावयास लावतात, त्याची चित्रफीत काढतात आणि जगभर दाखवून वाहवा मिळवतात. त्यांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून पर्वा नसते, की वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या मऊ पट्ट्या असतात. हाड तेथूनच वाढते, आणि वाढ पुरी होईपर्यंत तो भाग दुबळा असतो. लहान जातींत त्या पट्ट्या लवकर मिटतात. मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्यात वारंवार आपटण्याने तेथे इजा झाली, तर पाय कायमचा वाकडा वाढू शकतो. ब्रिटनच्या नियमांत १८ महिन्यांखालील आणि अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत १५ महिन्यांखालील कुत्र्याला स्पर्धेत उतरवताच येत नाही, ते काही उगाच नव्हे.

मग तोवर काय हात जोडून बसावे? मुळीच नाही. हा काळच तर पायाभरणीचा आहे. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जगाशी होणाऱ्या ओळखीचा असतो. त्या काळात त्याने नाना प्रकारची माणसे पाहावीत. खडी, गवत, पत्रा, ओली फरशी यांवर पाय ठेवावेत, आवाज ऐकावेत. मात्र यांतले काहीही बळजबरीने नको. पुढे नाव घेताच त्याने धन्याकडे पाहावे, हाक ऐकताच धावत यावे. चिंधी ओढण्याच्या खेळात ‘सोड’ म्हणताच सोडावे, आणि सोडल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो हे त्याला उमगावे. बादलीला किंवा झाडाला उजवीकडून व डावीकडून वळसा घालावा. धन्याच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच सुखाने चालावे.

मागच्या पायांचा धडा तर विशेषच. आपल्याला मागे दोन पाय आहेत, याची पिल्लाला फारशी दखल नसते. पुढचे पाय जातील तेथे मागचे फरफटत येतात. म्हणून जमिनीवर शिडी आडवी ठेवून तिच्या पायऱ्यांमधून सावकाश चालवावे. पालथ्या घमेल्यावर पुढचे पाय ठेवून मागच्या पायांनी गोल फिरावयास शिकवावे. जाड फळीखाली लहानशी काठी ठेवली, की ती किंचित डुलते व खटकन वाजते. तो आवाज स्वतः केल्याबद्दल पिल्लाला बक्षीस मिळाले, तर पुढे झुलत्या फळीची धास्ती उरत नाही. यातील एकाही पाठाला उडी लागत नाही, की तीन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

परंतु सर्व पाठांचा राजा म्हणजे थांबणे. जेवणाचे भांडे खाली ठेवले तरी ‘घे’ म्हणेपर्यंत बसून राहणे, दार उघडले तरी परवानगीवाचून उंबरा न ओलांडणे, दुसरी कुत्री धावत असता चटईवर शांत पडून राहणे. प्रथम एक क्षण, मग दोन, मग दहा. येथे चपळता दडपली जात नाही; तिला एक दार मिळते. थांबल्यानेच धावावयास मिळते, हे ज्या पिल्लाला कळले, त्याचा वेग धन्याचा शत्रू राहत नाही.

हे सारे पोरखेळ आहेत, यांत पराक्रम तो कोणता, असे म्हणणारे म्हणोत. दांडा पडतो, रंगवलेला भाग चुकतो, कुत्रे मैदान सोडून पळते, तेव्हा उणीव बहुधा उडीत नसते. ती या पोरखेळांत असते. उडी मारावयास पिल्लाला कोणी शिकवावे लागत नाही. ती त्याच्या अंगातच आहे. शिकवावे लागते ते धन्याचे ऐकणे, आणि ते शिकवण्याआधी धन्यालाच धीर धरावा लागतो. तो धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने आपल्या अंगणात दांडे रोवू नयेत आणि पिल्लाला हूड म्हणण्याचा अधिकारही सांगू नये.