अपंग मुलांचा शाळेवरील हक्क

मुलाने आणि मुलीने शिकलेच पाहिजे, हे आपल्या कुटुंबांत आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा ज्याला अक्षरे जुळविणेच अवघड जाते, त्याच्याविषयीही आपण तितक्याच निश्चयाने बोलतो काय? "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही," एवढे मुख्याध्यापकांनी म्हणताच पुष्कळ पालक मुकाट्याने परततात. ही माघार कायद्याच्या अज्ञानातून येते; म्हणून प्रथम कायदा सांगतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. या कायद्याने २१ मानले. कलम १६ अन्वये शासनाच्या निधीवर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांत अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश मिळावयाचा आहे, इमारत त्यांना वापरता यावयाची आहे आणि ज्याच्या त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय व्हावयाची आहे. कलम १७ अन्वये लक्षणीय, म्हणजे निदान ४० टक्के, अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने शासनाने विनामूल्य द्यावयाची आहेत. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांचीही तरतूद तेथेच आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सर्वसाधारणपणे १४ व्या वर्षापर्यंत जातो. कलम ३१ मात्र अशा मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क १८ व्या वर्षापर्यंत नेते.

यावर आक्षेप असा घेतात की, एकाला जादा वेळ दिला तर इतरांवर अन्याय होतो. हा आक्षेप टिकणारा नाही. परीक्षा ज्ञानाची घ्यावयाची की बोटांच्या चपळाईची? सर्वांना एकाच मापाने मोजणे म्हणजे समता, असे मानणारा पायऱ्यांपुढे थांबलेल्या मुलालाही "दार सर्वांना उघडे आहे" असेच सांगेल! वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे या कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. अवाजवी बोजा पडू नये ही मर्यादा आहे खरी. परंतु वर्ग तळमजल्यावर आणण्यास किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसविण्यास कोणता बोजा पडतो?

दुसरी सबब ४० टक्क्यांची. प्रमाणपत्रावरील आकडा कमी असला की सोय नाकारली जाते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ही सबब मोडून काढली. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराचे अपंगत्व या मर्यादेत बसत नव्हते. तरीही तो लेखनिकास पात्र आहे, असे न्यायालयाने ठरविले.

कायदा परिपूर्ण आहे असे मात्र कोणी समजू नये. कलम १६ मध्ये "प्रयत्न करील" असा सैल शब्द आहे, आणि कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दंड १०,००० रुपयांपर्यंतच आहे. सरकारी कागदांत "अपंग" जाऊन "दिव्यांग" आला, पण पुष्कळ शाळांच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. असा कायदा मागणाऱ्याच्या चिकाटीवरच चालतो. म्हणून माझे मत असे की, सोय तोंडी मागूच नये. शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे. कोणती सोय हवी ते मुद्देसूद लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. नकार मिळाल्यास तोही लेखी मागावा आणि पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. साक्षीदार बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार राज्य आयुक्तांना या कायद्याने दिलेले आहेत.

एक अडसर घरातलाही आहे. मुलाचे अपंगत्व मागल्या जन्मीचे भोग होत, ही समजूत धम्म स्वीकारलेल्या घरातही कधी कधी रेंगाळते. जन्माने लादलेली हीनता ज्यांनी नाकारली, त्यांनी आपल्याच लेकरावर पूर्वजन्मीचे पाप लादावे काय? अशा मुलीला पाहुण्यांपासून लपवू नका. तिचे नाव शाळेच्या पटावर घाला. तिच्यासाठी मागावयाची ती दया नव्हे. तो तिचा हक्क आहे, आणि तो लेखी मागा.