अस्तित्व कोणाचे?

विषारी वायू निषिद्ध, जैविक अस्त्रे निषिद्ध; परंतु क्षणार्धात अवघे शहर भस्मसात करणाऱ्या अणुबॉम्बविषयी कायदा अजून चाचरतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या प्रश्नावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी सल्लामत दिले. अण्वस्त्रांचा वापर सामान्यतः युद्धविषयक मानवतावादी कायद्याच्या विरुद्धच ठरेल, असे त्याने सांगितले. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता स्वसंरक्षणार्थ केलेला वापर वैध की अवैध, हे निश्चित सांगता येत नाही, अशी पुस्तीही जोडली. मते सात विरुद्ध सात पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने हा निष्कर्ष तरला. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी मात्र असा वापर कोणत्याही परिस्थितीत अवैधच, असे निक्षून बजावले.

आम्हांला वीरमंत्रींचेच मत ग्राह्य वाटते. किरणोत्सर्ग सैनिक आणि तान्हे मूल यांत भेद करीत नाही, सरहद्दही ओळखत नाही. मग अस्तित्व राखायचे ते कोणाचे? राज्यसत्तेचे की माणसांचे?

१९९५ साली भारताने याच न्यायालयापुढे, प्रत्युत्तरादाखल केलेला वापरही बेकायदेशीरच, अशी लेखी भूमिका मांडली होती. तीन वर्षांत पोखरणला स्फोट झाले. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारापासून इतर अण्वस्त्रधारी राष्ट्रांप्रमाणे आपणही दूर राहिलो. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे तडीस नेणे हे बंधनच आहे, यावर मात्र न्यायालयात एकमत होते. दिल्लीने आपले जुने निवेदन पुन्हा वाचावे. त्यातला भारत अधिक निर्भय होता.